वर्गणीची वही

मराठी नियतकालिकांचा इतिहास आपण संपादकांच्या नावाने लिहितो. ‘केसरी’ टिळकांचा, ‘दीनमित्र’ मुकुंदराव पाटलांचा, ‘किर्लोस्कर’ शंकररावांचा. जिथे संपादकाला पगार असतो किंवा तो स्वतःच्या हिमतीवर पत्र चालवतो, तिथे ही पद्धत निदान अर्धी खरी आहे. पण संघटनेचे, बिनपगारी माणसांनी चालवलेले वार्तापत्र घेतले की ती फसवते. असे पत्र उत्तम लेखांमुळे नावारूपाला येत असेल, पण ते टिकते वर्गणीदारांच्या यादीवर, आणि ती यादी किती हातांत वाटलेली आहे यावर. सातारा-सांगलीकडच्या दोन पत्रांकडे पाहिले तर हे स्पष्ट दिसते.

पहिले पत्र बिनपगारी नव्हतेच, म्हणून ते तुलनेला उपयोगी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये कुंडलजवळच्या माळावर, औंध संस्थानाच्या हद्दीत कारखाना उभारला. तिथून १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. लोखंडी नांगर आणि उसाचे चरक बनवणाऱ्या कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणे, एवढ्यापुरताच तिचा आरंभ होता. १९२९मध्ये नावातली ‘खबर’ गेली. पाठोपाठ १९३०मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४मध्ये ‘मनोहर’ आले. माळावरच्या किर्लोस्करवाडी या वसाहतीतून निघालेली ही मासिके मध्यमवर्गीय मराठी घरांत नव्या विचारांचे वाहन झाली. हे यश मोठेच, आणि त्यामागे शंकररावांची दृष्टी होती हे कोण नाकारील? पण या यशाची दिशाही पाहायला हवी. छापखाना, कागद, पगार सगळे कारखान्याच्या आधाराने उभे असल्यामुळे वाचक हा ग्राहक राहिला. अंक निघावा म्हणून त्याला काही करावे लागत नव्हते. खबर जसजशी मोठी झाली तसतशी ती वार्तापत्र उरली नाही, सर्वसाधारण मासिक झाली. पैसा आणि प्रतिभा एकत्र आल्यावर मासिक उत्तम निघते, एवढे यातून सिद्ध होते. पैसा नसताना काय करायचे, या प्रश्नाला मात्र किर्लोस्करवाडीकडे उत्तर नाही.

ते उत्तर ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्रा’त सापडते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, सांगली-मिरजेत शिकलेले. समितीचा कारभार दीर्घकाळ साताऱ्याहून चालला, पण तिचे मासिक सांगलीहून निघत आले. ही वाटणी मला फार महत्त्वाची वाटते. संस्थापक एका गावात आणि पत्राचे घर दुसऱ्या गावात असल्यामुळे वार्तापत्र कधीच एका माणसाच्या टेबलावर अवलंबून राहिले नाही. दाभोलकर १९९८पासून पुण्यात ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादन करत होते, वार्तापत्राचा गाडा सांगलीचे आणि ठिकठिकाणच्या शाखांचे कार्यकर्ते ओढत होते. पैशाची रचनाही तशीच. शाखेशाखेतून जमवलेली वर्गणी आणि वार्षिक अंकासाठी दुकानदार, डॉक्टर, शिक्षक, हितचिंतक यांच्याकडून मिळवलेल्या जाहिराती हा वार्तापत्राचा आधार. शंभर-दोनशे रुपयांची पावती फाडताना कार्यकर्त्याला समोरच्याला समिती काय करते ते समजावून सांगावे लागते. वर्गणी गोळा करणे हाच प्रचार होतो.

अशा मासिकाचे खरे काम लेख हाती आल्यावर सुरू होते. छापखान्यातून गठ्ठे आले की पत्ते चिकटवायचे, पिनकोडप्रमाणे ढीग लावायचे, ठरलेल्या तारखेला ठरलेल्या पोस्टात टाकायचे. ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत आलेले अंक वहीत नोंदायचे, वर्गणी संपलेल्यांना कळवायचे, मार्चच्या अंकात मालकीचा ‘फॉर्म ४’ न विसरता छापायचा. ही कामे कंटाळवाणी असतात, पण कायद्यानेसुद्धा पत्राचे अस्तित्व त्यांच्यावरच टेकवले होते. १८९८च्या टपाल कायद्यात सवलतीच्या दरासाठी दोन अटी होत्या: दोन अंकांमध्ये ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी हवी. लेख बरे आहेत की वाईट, हे टपालखाते विचारत नव्हते. ते नियमितपणा आणि यादी तेवढी विचारत होते, आणि त्यामुळे थोड्याशा सवलतीपोटी कित्येक हौशी संपादकांना शिस्त लागली.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. चारच दिवसांनी जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. त्या धक्क्यातही वार्तापत्र निघत राहिले. याच्या शेजारी ‘दीनमित्र’ ठेवून पाहावे. मुकुंदराव पाटलांनी १९१०पासून, बहुतेक काळ नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून, सत्यशोधक विचारांचे ते पत्र अर्धशतकाहून अधिक काळ चालवले. खेड्यातून एवढा काळ पत्र चालवणे ही आपल्या पत्रकारितेतली थोर गोष्ट आहे. पण १९६७मध्ये मुकुंदराव गेले आणि पत्रही संपले. निष्ठा दोन्हीकडे होती, धैर्यही होते. फरक एवढाच, की एकीकडे सगळा भार एका माणसावर होता आणि दुसरीकडे तो पसरलेला होता.

यावर दोन आक्षेप येतात. एक असा, की अशी पत्रे रटाळ होतात: शाखांचे अहवाल, शिबिरांची वृत्ते, तीच ती नावे. हे अंशतः खरे आहे, आणि चांगला संपादक त्यात काटछाट करणारच. पण कराड किंवा तासगावच्या शाखेने बुवाबाजीच्या भांडाफोडीचा कार्यक्रम घेतला, त्याची चार ओळींची बातमी छापून आली, तर पुढच्या महिन्यात तीच शाखा पावतीपुस्तक घेऊन बाहेर पडते. त्या चार ओळी काढून तिथे नामवंताचा लेख घातला तर अंक देखणा होईल, यादी मात्र आटेल. दुसरा आक्षेप आजचा: आता मोबाइलवर सगळे फुकट पाठवता येते, मग यादीचे आणि टपालाचे कौतुक कशाला? टपालखर्च शून्य असलेल्या जगातलेच उदाहरण घेऊ. डेबियन ही जगभरच्या स्वयंसेवकांनी घडवलेली मुक्त संगणकप्रणाली. तिचे साप्ताहिक वार्तापत्र १९९९मध्ये सुरू झाले. त्यांना कागद लागत नव्हता, तिकिटे लागत नव्हती, आणि बातम्यांचा तुटवडा तर कधीच नव्हता. तरी एक-दोघांच्या खांद्यावर आलेले ते काम २००७मध्ये थांबले, आणि पुढच्या वर्षी नव्या नावाने, नव्या माणसांनी पुन्हा उभे केले. टपालाने खर्च वाढतो हे खरे, पण काम वाटून घेणारी माणसे नसणे ही अडचण तंत्राने सुटत नाही.

म्हणून या भागातल्या ग्रंथालयांनी जुने अंक जपावेत तशीच पावतीपुस्तके, पत्त्यांच्या वह्या आणि परत आलेल्या अंकांची वेष्टनेही मागून घ्यावीत. अंकांवर संपादकाचे नाव असते; कोणत्या गावातून कोणी किती वर्गणीदार केले, हे फक्त या वह्यांत मिळेल. २०१९च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तके भिजून गेली. पुस्तकांच्या प्रती तरी दुसरीकडे सापडतात. वर्गणीच्या वहीची दुसरी प्रत कुठेच नसते, आणि या वह्या आज बहुधा निवृत्त कार्यकर्त्यांच्या माळ्यावर आहेत.