मसल मोटारगाड्या, अमेरिकन

मध्यम आकाराच्या गाडीत मोठे व्ही-८ एंजिन बसवून तयार केलेल्या वेगवान गाड्या. पाँटिॲक जीटीओपासून (१९६४) हा प्रकार रूढ झाला. सरळ रस्त्यावर त्या झपाट्याने वेग घेत. पण जड एंजिनाचा भार पुढील चाकांवर पडल्याने वळणावर गाडी बाहेर ओढली जाई आणि ड्रम ब्रेक तापून त्यांची पकड ढिली पडे. खरी कसोटी लागली ती ट्रान्स-ॲम शर्यतींत. तेथे एंजिनास ५ लिटरची मर्यादा असल्याने स्प्रिंगा, धक्काशोषक व ब्रेक सुधारणे भाग पडले. शेव्हरोले कॅमारो झेड/२८ ने १९६८ व १९६९ ची, तर फोर्ड मस्टँग बॉस ३०२ ने १९७० ची स्पर्धा जिंकली. दोहोंची जाहीर शक्ती २९० अश्वशक्ती होती. हा आकडा मुद्दाम कमी सांगितलेला असावा. प्रदूषणविषयक कायदा (१९७०), विम्याचे चढते हप्ते व १९७३ ची तेलटंचाई यांमुळे हा प्रकार मागे पडला.