काहिलीचा काळ : बारामती-इंदापूरची गुऱ्हाळे

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला, तशी गुऱ्हाळे, म्हणजे रस आटवून गूळ करण्याची ठिकाणे, वाढू लागली. चरकातला रस काहिलीत, म्हणजे पसरट लोखंडी कढईत, ओतून खाली चुलवणात वाळलेल्या चिपाडांचा जाळ लावीत. भेंडीच्या खोडाचा चिकट रस घातला की मळी फेसासकट वर येई आणि ती झाऱ्याने काढली जाई. खरे कौशल्य मात्र गुळव्याचे, कारण उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून, बोटांनी त्याची गोळी वळून, काहील उतरवण्याचा क्षण तोच ठरवी. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला आणि तिथे रस आटवण्याचे काम वाफेवर चालणाऱ्या बंद, निर्वात भांड्यांकडे गेले.