निरोगी उंदराचा इतिहास : डॉ. हेन्री फॉस्टर यांच्या कार्याचा एक अभ्यास

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात उंदीर दोन रूपांत भेटतो. १८९६ साली मुंबईत आणि त्यापाठोपाठ पुण्यात थैमान घालणाऱ्या प्लेगमुळे महाराष्ट्राच्या स्मृतीत तो रोगाचा वाहक म्हणून कायमचा नोंदला गेला. दुसरे रूप प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदराचे होय. येथे प्रश्न नेमका उलटा होतो. उंदरापासून माणसाला काय होईल, यापेक्षा हा उंदीर स्वतः आजारी तर नाही ना, हे आधी विचारावे लागते. ज्या पशुवैद्यकांनी हा प्रश्न आयुष्यभराचे कार्य म्हणून स्वीकारला, त्यांत अमेरिकेतील डॉ. हेन्री फॉस्टर यांचे स्थान महत्त्वाचे आहे. मराठीत घूस आणि चिचुंद्री यांना वेगळी नावे आहेत. मात्र ‘माऊस’ व ‘रॅट’ या दोन भिन्न जातींना आपण सरसकट उंदीरच म्हणतो. म्हणून प्रस्तुत लेखात आवश्यक तेथे हे शब्द तसेच ठेवले आहेत.

आजारी प्राणी, संशयास्पद निष्कर्ष

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगशाळांतील उंदरांच्या वंशशुद्धीकडे विशेष लक्ष पुरवले गेले. १९२९ साली स्थापन झालेल्या जॅक्सन प्रयोगशाळेचे कार्य या दृष्टीने सर्वपरिचित आहे. आरोग्याकडे मात्र तितके लक्ष गेले नाही. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस या जंतूमुळे होणारा फुप्फुसांचा जुनाट विकार रॅटमध्ये इतका सार्वत्रिक होता, की वृद्ध रॅटची फुप्फुसे खराब असायचीच, असे गृहीत धरले जाई. अशा प्राण्याला वर्ष-दोन वर्षे एखादे रसायन हुंगवून फुप्फुसांत बिघाड आढळला, तर तो रसायनाचा की जंतूचा, हे कोणी सांगावे?

या गोंधळाचे सर्वांत बोलके उदाहरण जपानमधील आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी सेंडाई शहरात नवजात अर्भकांच्या न्यूमोनियाचा शोध घेताना रुग्णांकडील नमुने उंदरांना टोचण्यात आले आणि एक नवा विषाणू हाती लागला. तो अर्भकांचाच, असे प्रथम मानले गेले. पुढे मात्र हा विषाणू मुळात त्या प्रयोगशाळेतील उंदरांच्याच अंगी असावा, असे मत बळावले. सेंडाई विषाणू हे नाव तेवढे टिकले. संशोधक ज्या आरशात पाहत होते, त्या आरशावरच डाग होता.

फॉस्टर यांचा प्रवेश

हेन्री फॉस्टर यांनी मॅसॅच्युसेट्समधील मिडलसेक्स येथील पशुवैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली. ज्या काळात अनेक अमेरिकी विद्यापीठे ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवीत, त्या काळात मिडलसेक्सने अशी मर्यादा मानली नाही. ही संस्था पुढे टिकली नाही. तिच्या जागेवर १९४८ साली ब्रँडाइस विद्यापीठ उभे राहिले.

१९४७ साली फॉस्टर यांनी व्हर्जिनियातील एका फार्मकडून रॅटचे एक हजार पिंजरे विकत घेतले आणि बोस्टन शहरात, चार्ल्स नदीकाठी, एकट्याने प्रजननाचा उद्योग आरंभला. नदीचेच नाव संस्थेला मिळाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेन राज्यातील भीषण वणव्यात जॅक्सन प्रयोगशाळेतील उंदरांचा बहुतांश साठा नष्ट झाला. पूर्वी अन्यत्र पाठविलेल्या उंदरांची संतती परत आली, म्हणूनच तेथील वंश पुन्हा उभे राहू शकले. प्रयोगशाळेतील प्राणी ही किती नाजूक संपत्ती आहे, हे त्या वर्षी सर्वांनाच कळून चुकले.

१९५५ मध्ये संस्था विल्मिंग्टन येथे गेली. फॉस्टर यांचे खरे कार्य याच सुमारास सुरू झाले. त्यामागील तर्क साधा होता. पिल्लू बहुतेक जंतू जन्मतेवेळी व जन्मानंतर आईकडून आणि परिसरातून घेते. गर्भाशयात ते बहुतांशी निर्जंतुक असते. तेव्हा रॅटच्या एकवीस-बावीस दिवसांच्या गर्भकाळाच्या अगदी अखेरीस मादीचे संपूर्ण गर्भाशय काढून घ्यावे, ते जंतुनाशक द्रावणातून बंदिस्त निर्जंतुक कक्षात न्यावे, तेथे पिल्ले बाहेर काढून चोळून श्वास सुरू करावा आणि जंतुमुक्त दाईमादीच्या अंगावर त्यांना वाढवावे. जंतुमुक्त प्राणी वाढविण्याचे तंत्र नॉत्र दाम विद्यापीठात जेम्स रेनियर्स यांनी आधीच विकसित केले होते. त्यांच्या पोलादी कक्षांऐवजी १९५७ च्या सुमारास फिलिप ट्रेक्सलर यांनी लवचीक प्लास्टिकचे स्वस्त कक्ष आणले. फॉस्टर यांनी मूळ तत्त्व शोधले नाही. त्यांनी ते हजारो प्राण्यांच्या प्रमाणावर चालवून दाखविले. अशा पिल्लांची पुढील प्रजा गाळलेली हवा, निर्जंतुक खाद्य व कर्मचाऱ्यांचे काटेकोर स्नान-वस्त्रांतर या अडसरांच्या आत वाढविली जाई. आजही प्रयोगशाळांत प्रचलित असलेल्या ‘सीडी’ या नावातील अक्षरे सिझेरियनने जन्म झाल्याचीच खूण आहेत.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. काही विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोचतात. त्यांच्यापुढे सिझेरियन निरुपयोगी ठरते. शिवाय त्यासाठी मातेचा बळी द्यावाच लागे. १९७९-८० मध्ये अमेरिकेतील अनेक प्रयोगशाळांत उंदरांच्या देवीची साथ पसरली, तेव्हा प्राण्यांची आणि ऊतींची देवाणघेवाण चालू असेतो कोणतीही भिंत पुरेशी नाही, हे स्पष्ट झाले. स्वच्छतेचे साधे उपायही तितकेच निर्णायक होते. १९७६ साली अलाबामातील पशुवैद्यक रसेल लिंडसे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की पिंजऱ्यात मूत्रापासून साचणाऱ्या अमोनियाने रॅटमधील मायकोप्लाझ्माचा विकार बळावतो. पिंजरा किती दिवसांनी धुवायचा, हा झाडूवाल्याचा प्रश्न त्या दिवसापासून शास्त्राचा झाला.

फॉस्टर यांना वैज्ञानिक म्हणावे की उद्योजक? त्यांच्या हातून प्राण्याचे आरोग्य ही दर ठरविता येणारी वस्तू बनली, हे नाकारता येत नाही. १९८४ साली त्यांची कंपनी बॉश अँड लाँब या उद्योगसमूहाने विकत घेतली. दुसरीकडे, १९८१ ते १९८३ दरम्यान स्मॉल व फॉक्स यांच्यासमवेत त्यांनी संपादित केलेला ‘द माऊस इन बायोमेडिकल रिसर्च’ हा चार खंडांचा ग्रंथ त्या क्षेत्राचा आधारग्रंथ ठरला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि एकीविना दुसरी घडली असती असे वाटत नाही.

भारतातील प्रवाह व एक नवा प्रश्न

भारतात १९५७ साली मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत प्रयोगशाळा-प्राण्यांविषयी माहिती देणारे केंद्र सुरू झाले. १९७६ मध्ये ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत हलविण्यात आले. येथे खासगी कंपनीऐवजी शासकीय संस्थेने पुढाकार घेतला, हा फरक लक्षणीय आहे. कायद्याच्या बाबतीतही तफावत दिसते. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात मनुष्येतर प्रत्येक सजीव प्राणी येतो व १९९८ च्या नियमांनी प्रयोगांवर देखरेख आली. अमेरिकेच्या प्राणी कल्याण कायद्यातून मात्र संशोधनासाठी वाढविलेले माऊस व रॅट २००२ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे वगळले गेले.

२०१६ साली मिनेसोटातील संशोधकांनी फॉस्टर यांच्या परंपरेलाच प्रश्न विचारला. अडसरात वाढलेल्या माऊसची प्रतिकारयंत्रणा प्रौढ माणसापेक्षा नवजात अर्भकाच्या यंत्रणेशी अधिक जुळते, असे त्यांना आढळले. असे माऊस पाळीव प्राण्यांच्या दुकानातील माऊससोबत ठेवले असता, त्यांतील जे जगले त्यांची प्रतिकारयंत्रणा प्रौढ माणसाच्या जवळ आली. आता काही प्रयोगशाळांत, मोजूनमापून आणि कुलूपबंद खोल्यांत, उंदरांना पुन्हा जंतूंची ओळख करून दिली जाते.