उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हण करणाऱ्याने उकिरडा म्हणजे दैन्याची शेवटची पायरी धरली, हे उघड आहे. पण ज्या उकिरड्याची हकीगत आज सांगावयाची आहे, त्याचे पांग फिटायला बारा वर्षेही लागली नाहीत, सातच लागली. ती सात वर्षे म्हणजे १९२४ ते १९३१, आणि ठिकाण होळकरांचे इंदूर.

आधी आपला उकिरडा कसा होता ते आठवून पाहा. गावाच्या कडेला किंवा घराच्या परसात एक उघडा ढीग. त्यात शेण जाई, चुलीतली राख जाई, झाडलोट जाई, खरकटे जाई. वरून ऊन तापे, पावसात ढिगातून काळे पाणी वाहून ओढ्याला मिळे. ते काळे पाणी म्हणजे खताचा अर्कच होता. पण तो ओढ्याला फुकट. मृगाच्या आधी गाड्या भरून उरलेसुरले शेतात नेऊन टाकायचे, झाले खत! शिवाय शेण पुरते उकिरड्यावर पोचतच नसे. निम्म्याशिम्म्याच्या गोवऱ्या होत. माझी आजी भिंतीवर गोवऱ्या थापी, आणि आजोबा त्यावरून दरवर्षी एकदा तरी कुरकुरत. पण आजीचा सवाल बिनतोड असे. ती म्हणे, “मग चुलीत काय, तुमचे धोतर घालू?”

हा आजी-आजोबांचा वाद घरगुती नव्हता. साऱ्या देशाचा होता. १८८९ साली जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानची शेती पाहावयास धाडले. हिंदी शेतकरी अडाणी, त्याला शेती शिकवली पाहिजे, अशी विलायतेत तेव्हा सर्वसाधारण समजूत. व्होल्करने वर्षभर देश पायाखाली घातला आणि १८९३ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध झाला त्यात उलटेच लिहिले. येथला चांगला शेतकरी विलायतेतल्या सर्वसाधारण शेतकऱ्याला हार जाणारा नाही. त्याचे अडते ते ज्ञानावाचून नव्हे, साधनांवाचून, असा त्याचा निष्कर्ष. आणि साधनांत पहिली अडचण कोणती? सरपणाची. लाकूड मिळत नाही म्हणून शेण जळते, शेण जळते म्हणून जमीन उपाशी राहते. उपाय म्हणून त्याने गावोगाव सरपण-वैरणीची राने राखावीत असे सुचवले. आजीला हा अहवाल वाचून दाखवला असता तर तिने साहेबाला चहा पाजला असता.

पण व्होल्करच्या आधीच, १८८३ मध्ये, महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हेच दुखणे दाखवून ठेवले होते. जंगल खात्याने डोंगर आणि गायराने बळकावली, गुरांना चरावयास जागा राहिली नाही, ही त्यांची तक्रार. आणि डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पालापाचोळ्याचे, सडल्या जिवांचे सत्त्व पाण्याबरोबर शेतात मुरवावे, ही त्यांची सूचना. सरकारच्या पलटणी रिकाम्या असतात, त्यांच्याकडून ही कामे करून घ्यावीत, असेही त्यांनी लिहिले. शिक्षक मंडळींनी हा भाग वर्गात जरूर वाचून दाखवावा. फुल्यांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो. मातीची नाडी पाहणारा शेतकरी म्हणून त्यांची ओळख मुलांना फारशी करून दिली जात नाही.

असो. आता इंदुराकडे वळू. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्लंडातल्या श्रॉपशायरचा, शेतकऱ्याचाच मुलगा. जन्म १८७३. वनस्पतींच्या रोगांचा अभ्यासक म्हणून तो वेस्ट इंडीजमध्ये नोकरीला होता. तिथे त्याला एक खंत लागली. लोकांना शेतीविषयी सल्ला द्यायचा, आणि तो सल्ला स्वतः करून पाहायला हातात गुंठाभरही जमीन नाही! १९०५ मध्ये तो बिहारमधल्या पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आला, तेव्हा त्याने भांडून ७५ एकर जमीन मिळवली. मग त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके बिनऔषधाची निरोगी दिसतात, तेव्हा हेच आपले गुरू, असे ठरवून तो त्यांच्याकडून शिकू लागला. पिकावर पडणारी कीड हाही त्याचा दुसरा गुरू. कारण कीड पडली की समजावे, जमिनीचे किंवा लागवडीचे काहीतरी चुकले आहे. त्याची पत्नी गॅब्रिएल हीसुद्धा तोडीस तोड शास्त्रज्ञ. पुसाचे नाव देशभर पोचवणाऱ्या गव्हाच्या जाती या दोघांच्या जोडकामातून निघाल्या.

पुसाची एक गोष्ट हॉवर्ड नेहमी सांगे. त्याच्या गोठ्याशेजारी लाळ-खुरकताची गुरे होती. मध्ये फक्त एक बुटके कुंपण. त्याचे बैल त्या आजारी गुरांच्या नाकाला नाक लावत, तरी त्यांना रोग झाला नाही. चांगल्या मातीतला चारा खाल्ल्याचा हा गुण, असे त्याचे म्हणणे. मला विचाराल तर एवढ्यावरून सिद्धान्त मांडू नये. गोष्ट नवलाची आहे, पण आपण आपल्या जनावरांना लस टोचून घ्यावी हे बरे.

पुसाला त्याला एक अडचण वाटू लागली. वनस्पतीचा विभाग निराळा, रसायनाचा निराळा, किडीचा निराळा. पीक मात्र एकच! आंधळ्यांनी हत्ती चाचपावा तसला प्रकार. म्हणून १९२४ मध्ये त्याने इंदुरास नवी संस्था काढली, ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅन्ट इंडस्ट्री’. कापूस समितीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा पुरवला, जमीन होळकर दरबारने दिली. माळव्याची ती काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर. आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याला तिथे परके वाटण्यासारखे काहीच नव्हते.

हॉवर्डने अमेरिकन प्राध्यापक एफ. एच. किंग याचे १९११ साली निघालेले पुस्तक वाचले होते. चीन, कोरिया आणि जपानातले शेतकरी चार हजार वर्षे तीच जमीन कसतात आणि ती थकत नाही, कारण काडी, चिखल, मैला यांतले काहीही वाया जाऊ देत नाहीत, ही त्यातली हकीगत. चिन्यांची ती काटकसर आणि आपल्या शेतकऱ्याचा गोठा यांची सांगड घालावी, त्याला शास्त्राची शिस्त लावावी, असे हॉवर्डने मनाशी घेतले.

अडचण काय होती? कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या कुजत नाहीत; म्हणून त्या चुलीत जातात. आणि नुसता काडीकचरा कच्चाच जमिनीत गाडला तर पीक पिवळे पडते. का? कचरा कुजवणारे सूक्ष्म जीव आपल्या पोटासाठी जमिनीतला नत्र ओढून घेतात. पिकाला उरत नाही. तेव्हा कुजण्याचे काम जमिनीबाहेर उरकून घ्यावे आणि तयार अन्नच जमिनीला वाढावे. आपण तरी पाहुण्यापुढे कच्चे तांदूळ कुठे ठेवतो?

इंदुरास त्यांनी केले ते असे. पऱ्हाट्या-तुराट्या शेतावरच्या गाडीवाटेवर पसरायच्या. गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्यांचा आपोआप भुसा होई. यंत्र नको, मजुरी नको. हा भुसा, पालापाचोळा, तण, उसाची पाचट असा मिसळलेला कचरा गोठ्यात बैलांखाली अंथरायचा. बैल त्यावर बसतात, शेणमूत त्यात मुरते. गोठ्याची जमीन फरशीची नाही, मातीची. मूत मुरलेली ती माती दर तीन-चार महिन्यांनी सहा इंच खणून काढायची आणि तिथे नवी माती भरायची. मुताचे मोल आपल्याला शेणाइतके कधी वाटले नाही. खरे पाहता जनावराच्या पोटातून बाहेर येणाऱ्या नत्राचा मोठा वाटा मुतातच असतो.

मग खड्डा. ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि खोली फक्त २ फूट. आपण खत म्हटले की विहिरीसारखा खड्डा खणतो, तिथेच चुकते. खोल गेले की हवा खेळत नाही, आणि हवेवाचून नुसते सडते. खड्ड्यात अंथरूण पसरायचे, त्यावर मूतमाती आणि लाकडाची राख भुरभुरायची, शेणकाला शिंपायचा, पुन्हा अंथरूण. दुधाला विरजण लावतो तसे आधीच्या खड्ड्यातले थोडे बुरशी धरलेले खत त्यात घालायचे. दोन-तीन दिवसांत ढीग तापतो. साठ-पासष्ट अंशांपर्यंत उष्णता चढते. या तापाने तणाचे बी आणि माश्यांच्या अळ्या मरतात. पहिल्या पंधरवड्यात एकदा, महिन्याने एकदा, दोन महिन्यांनी एकदा ढीग वरखाली करायचा, लागेल तसे पाणी मारायचे. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारखा वास येणारे खत हाती येते.

शाळेत बाग असेल तर शिक्षकांनी मुलांकडून एवढे तरी करून पाहावे: ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि रोज उपसून हाताला लावून पाहायची. ती कधी चटका देते आणि कधी गार पडते याची मुले वहीत नोंद ठेवतील, तर कुजणे म्हणजे काय हे फळ्यावर लिहून द्यावे लागणार नाही.

या कामात रसायनाची बाजू ज्यांनी सांभाळली त्यांचे नाव यशवंत डी. वाड. नावावरून ते आपल्यातलेच असावेत असे वाटते. कचऱ्यात नत्र किती, कर्ब किती, दर टप्प्याला तो कसा बदलतो, सुरुवातीला नत्राच्या तेहतीसपट असलेला कर्ब शेवटी दहापटीवर कसा उतरतो, हे सारे तोलून-मापून पाहिल्यामुळेच या खताला जगात मान मिळाला. नाहीतर ती एका साहेबाची हौस ठरली असती. १९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या. पुढल्याच वर्षी हॉवर्डने इंदूर सोडले आणि शेतीतल्या टाकाऊ वस्तूंपासून खत करण्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावे आहेत. पुढे जगाने मात्र एकच लक्षात ठेवले. १९३४ मध्ये हॉवर्डला ‘सर’ ही पदवी मिळाली, १९४० मध्ये त्याचे मोठे पुस्तक आले, १९४६ मध्ये विलायतेत सेंद्रिय शेतीवाल्यांची संस्था निघाली; आणि बऱ्याच वर्षांनी हीच विद्या परदेशचा शिक्का घेऊन, ‘ऑरगॅनिक’ म्हणून आपल्या दारात परत आली. वाडांचे नाव येताना वाटेत गळून पडले.

१९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास गेले होते, आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मधून या खताची माहिती देण्यात आली. गांधीजींना त्यात खतापेक्षाही मोठे काही दिसत होते. मैला उचलण्याचे काम एका जातीच्या माथी मारलेले. मैल्याचे सोनखत झाले, तर ते काम घाणीचे राहणार नाही आणि कोणा एकाचेही राहणार नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हा विचार आयुष्यभर जगून दाखवला. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून ते अन्नत्यागाला उभे राहिले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास धरला. पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ ‘गोपुरी’ आश्रम काढून अप्पासाहेबांनी खत देणारा सोपा संडास तयार केला. उकिरड्याचा इतिहास लिहिताना हे पान गाळता येत नाही. कारण खताच्या खड्ड्यापाशी आपला समाज कोणाला उभे करतो, हाही त्या इतिहासाचाच भाग आहे.

रासायनिक खताविरुद्ध मी बोलत आहे असे कोणी समजू नये. १९५१ मध्ये सिंद्रीचा कारखाना सुरू झाला तेव्हा देशाला धान्य हवे होते, आणि त्या पांढऱ्या पोत्यांनी पुढे धान्य दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण पोते मिळाले म्हणून आपण खड्डा बुजवला, ही चूक आपली. पोत्यातले खत पिकाला खाऊ घालते. पाणी धरून ठेवणारी, नांगराला मऊ लागणारी माती घडवणे त्याच्याने होत नाही.

आता माझी फजिती. पुस्तक वाचून मीही परसात खड्डा घेतला, अगदी मोजून. पण घेतला आषाढात! चार दिवसांत खड्ड्याचे तळे झाले, आठव्या दिवशी शेजारी नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले. मग पुस्तक पुन्हा उघडले. त्यात स्पष्ट लिहिले होते की पावसाळ्यात खड्डा करू नये, जमिनीच्या वर ढीग रचावा. ते प्रकरण मी ओलांडून गेलो होतो. सगळा चिखल उपसून उंचवट्यावर कोरड्या पाचोळ्याबरोबर थर देऊन रचला, वर जुना पत्रा तिरका टाकला. दसऱ्याच्या सुमारास खत तयार झाले. ते मोरीच्या पाण्यावरच्या केळीला आणि अळवाला घातले, आणि अळवाची पहिली जुडी शेजाऱ्यांकडे पाठवली.