तळे शहराचे, वाट दासगावची

शहरवाले आणि वेशीबाहेरचे यांच्यातला तंटा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई येते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर आपली कितीतरी माणसे मुंबई सोडून मुंब्रा-कौशाला गेली. कालपर्यंत शेजारी असलेली ही माणसे एका रात्रीत 'लांबची' झाली. पाणी, वीज, रस्ता मागताना त्यांना आधी 'तुम्ही कुठले?' या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले. पण हा प्रश्न मुंबईने जन्माला घातलेला नाही. आम्हा कोकणातल्या मुसलमानांना तो सावित्रीच्या काठावर, महाड आणि दासगाव यांच्यामधल्या पाच मैलांत, फार पूर्वीच विचारला गेलेला दिसतो.

महाड ही जुनी पेठ. घाटावरचा माल उतरायचा आणि समुद्राकडचा माल चढायचा तो इथेच. पण समुद्र महाडपर्यंत नीट येत नाही. बाणकोटहून खाडीने वर यावे तसतसे पाणी उथळ होत जाते. लहान मचवे भरती साधून महाड गाठत, मोठ्या गलबतांना मात्र दासगावालाच थांबावे लागे. १७५६ च्या तहात बाणकोटबरोबर दासगावही इंग्रजांनी मागून घेतले, ते या बंदराचे मोल ओळखूनच. थोडक्यात, पेठ महाडची आणि दार दासगावचे. एकावाचून दुसऱ्याचे चालत नव्हते. तरीही मान पेठेला, आणि दारातला माणूस 'बाहेरगावचा'.

या बाहेरगावच्या माणसाला बाजारासाठी, शेतसारा भरण्यासाठी, मामलेदार कचेरीतल्या कामासाठी महाडला यावेच लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे की अशा माणसाला पाणी मिळावे असे शहरातले एकच सार्वजनिक ठिकाण होते, ते म्हणजे चवदार तळे. आणि आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या दलितांना नेमके तेच बंद होते. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी माणसे असलेल्या महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला. पण ठराव कागदावर राहिला आणि तळ्याच्या पायऱ्या होत्या तशाच राहिल्या.

दासगावात वाढलेल्या रामचंद्र बाबाजी मोरे यांना शहराचा हा स्वभाव लहानपणीच कळला होता. हुशार म्हणून नावाजलेल्या या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेने दलित म्हणून प्रवेश नाकारला. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिले, तेव्हा कुठे दार किलकिले झाले, आणि तरीही बसायची जागा मिळाली ती वर्गाबाहेर. पुढे कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून ओळखल्या गेलेल्या याच तरुणाने महाडच्या परिषदेसाठी आंबेडकरांकडे आग्रह धरला. शहराने बाहेर बसवलेला मुलगाच शहराच्या मध्यभागी इतिहास घेऊन आला.

२० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर, आता हे वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी हूल उठली आणि मंडपात जेवणाऱ्या, परतीच्या वाटेला लागलेल्या प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. तेव्हा कित्येकांना महाडच्या मुसलमानांनी आपल्या घरांत आसरा दिला.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. तिच्यासाठी शहरात कोणी जागा देईना. जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. रस्त्याने प्रवास होऊ दिला जाणार नाही अशी चिन्हे होती, म्हणून आंबेडकर आणि त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीने निघाले आणि २५ डिसेंबरला दुपारी दासगाव बंदराला उतरले. तिथे लोक त्यांची वाट पाहत उभे होते. त्या बंदरातून माणसांची रांग पाच मैल चालत महाडात गेली आणि त्याच रात्री फत्तेखानांच्या जागेवर मनुस्मृतीचे दहन झाले. शहराने वाट अडवली, तेव्हा दासगावने ती खुली केली.

या घटनेचा अभिमान आपण नेहमी सांगतो आणि तो सांगावाही. पण त्यातली एक गोष्ट आपण पुरेशी बोलत नाही. चवदार तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. म्हणजे त्या तंट्यात आपण तहानलेल्यांच्या रांगेत नव्हतो, आपण आतले होतो. आतल्याने दार उघडणे हे बाहेरच्याने दार ठोठावण्याहून वेगळे काम आहे. त्यात गमावण्यासारखे काहीतरी असते. शेजाऱ्यांचा रोष पत्करून त्या दिवशी ज्यांनी कडी काढली, त्यांचे मोठेपण यात आहे. आज ज्या वस्तीत आपण बाहेरचे आहोत तिथे आपण हक्क मागतो. ज्या वस्तीत, जमातीत, मोहल्ल्यात आपण आतले आहोत, तिथे नव्याने आलेल्या गरीब भाडेकरूला आपण काय विचारतो? 'तुम्ही कुठले?' हेच ना?

तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. फक्त सवर्णांनीच तळे वापरावे अशी अनादी रूढी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दलितांच्या बाजूने निकाल दिला. पाण्यावरची मालकी अशी कायद्याने सुटली.

पाण्याचे नाते मात्र सुटत नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर डोंगर कोसळले आणि सुमारे दोनशे माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली आणि त्याच दिवशी महाड शहर पाण्याखाली गेले. त्या पुरानंतर महाडकरांनी एक मागणी लावून धरली: दासगावजवळ खाडीत कोकण रेल्वेचा जो भराव आहे तो काढून तिथे खांबांवरचा पूल बांधावा, कारण शहराचे पाणी तिथे अडते.

ही मागणी वाचताना नव्वद वर्षांचा हिशेब पुरा झाल्यासारखा वाटतो. एके काळी दासगावच्या माणसाला महाडात ओंजळभर पाणी मिळत नव्हते. आता महाडात तुंबलेल्या पाण्याला दासगावातून वाट हवी आहे. नगरपालिकेची हद्द नकाशावर रेघ मारून ठरवता येते. नदीला ती रेघ दिसत नाही, आणि तहानलेल्या माणसालाही दिसू नये.