क्रॉमवेल ऊर्फ विल्यम्स

राजाचा शिरच्छेद करून इंग्लंडवर सत्ता गाजवणारा ऑलिव्हर क्रॉमवेल आपल्याला शाळेतल्या इतिहासात भेटलेला असतो. पण त्याच्या बापाकडून आजोबाकडे, आजोबाकडून पणजोबाकडे असं मागे गेलं, तर त्या घराण्याचं आडनाव क्रॉमवेल नव्हे, विल्यम्स निघतं!

क्रॉमवेल हे मुळात नॉटिंगहॅमशायरमधल्या एका गावाचं नाव. अर्थ, ‘वाकडा ओढा’. आपल्या ‘कर’वाल्या आडनावांचाच हा भाऊबंद म्हणायचा. लंडनजवळच्या पटनीत पंधराव्या शतकाच्या अखेरीस वॉल्टर क्रॉमवेल नावाचा गृहस्थ राहत होता. लोहारकाम, बिअर गाळणं, असे त्याचे नाना उद्योग. जुन्या दप्तरांत तो कधी क्रॉमवेल म्हणून सापडतो, तर कधी स्मिथ, म्हणजे लोहार, म्हणून. एका माणसाला दोन आडनावं असली तरी कुणाचं अडत नसे.

या वॉल्टरचा मुलगा थॉमस आठव्या हेन्रीचा सर्वशक्तिमान मंत्री झाला. १५३८ मध्ये त्याने फर्मान काढलं, की प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत नोंदवावीत. इंग्रजी आडनावं पिढ्यान् पिढ्या माग काढण्याजोगी झाली, त्यात या वह्यांचा वाटा फार मोठा आहे.

थॉमसची बहीण कॅथरीन. तिचा नवरा मॉर्गन विल्यम्स मूळचा वेल्सचा. वेल्समध्ये तेव्हा कायमचं आडनाव लावायची रीत रुळलेली नव्हती. ‘ॲप’ म्हणजे ‘चा मुलगा’ आणि पुढे बापाचं नाव, की झालं. ‘ॲप ऱ्हिस’चा प्राइस झाला, ‘ॲप हॉवेल’चा पॉवेल, तो असाच. मॉर्गनचा मुलगा रिचर्ड मामाच्या पदरी चाकरीला लागला आणि त्याने मामाचंच आडनाव उचललं. व्यवहार चोख होता. मठ बरखास्त झाले तेव्हा हंटिंगडनशायरमधली हिंचिंगब्रुक आणि रॅम्सी इथल्या मठांची मालमत्ता त्याच्या हाती आली. १५४० मध्ये मामाचं मुंडकं उडालं. भाच्याने जमीनही सोडली नाही आणि नावही नाही. हे धाडस मला त्या मालमत्तेपेक्षा मोठं वाटतं.

ऑलिव्हर हा या रिचर्डचा पणतू, जन्म १५९९ चा. घराण्याच्या कायदेशीर कागदांवर ‘क्रॉमवेल ऊर्फ विल्यम्स’ अशी नोंद तोवर टिकून होती. म्हणजे घरच्यांना आपलं मूळ चांगलं ठाऊक होतं.

ते पुढे कामालाही आलं. १६५८ मध्ये ऑलिव्हर वारला आणि १६६० मध्ये राजेशाही परतली. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला होता ३० जानेवारी १६४९ ला; बरोबर बारा वर्षांनी, त्याच तारखेला, ऑलिव्हरचं प्रेत उकरून फासावर लटकवण्यात आलं. अशा दिवसांत ते आडनाव मिरवणार कोण? रॅम्सीचा त्याचा नातलग हेन्री राजनिष्ठ होता. त्याने क्रॉमवेल हे आडनाव टाकलं आणि तो पुन्हा विल्यम्स झाला.

ऑलिव्हरच्या हयात मुलांपैकी थोरल्याला ती सोय पुरली नसती. बापामागे काही महिने राष्ट्रप्रमुख राहिलेला हा रिचर्ड युरोपात परागंदा झाला, वीसेक वर्षांनी मायदेशी परतला आणि वयाच्या ८५ व्या वर्षी, १७१२ मध्ये, वारला. त्या अज्ञातवासात त्याने जॉन क्लार्क हे नाव वापरलं. क्लार्क म्हणजे कारकून.