तंजावर : राजधानीचा झालेला मतदारसंघ

तंजावर म्हटले की मराठी मनासमोर व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय उभे राहते. १६७६ च्या सुमारास स्थापन झालेली भोसल्यांची ही गादी १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रहीन निवर्तल्यावर कंपनी सरकारने खालसा केली. वस्तुतः १७९९ च्या तहानेच राज्यकारभार इंग्रजांकडे गेला होता. राजाच्या हाती किल्ल्यापुरती सत्ता उरली होती. त्याच किल्ल्याच्या परिसरातील रहिवासी आज तमिळनाडू विधानसभेच्या १७४ क्रमांकाच्या मतदारसंघात मतदान करतात.

या प्रदेशाचे राजकारण समजण्यासाठी आधी त्याची जमीन पाहावी लागते. शहर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या कडेला वसले आहे. उत्तरेस वेण्णार, वडवार यांच्या पाण्यावर पोसलेली गाळाची भातखाचरे; दक्षिणेस वल्लमकडे चढत जाणारा तांबडा, कोरडा माळ. कल्लणै बंधाऱ्यापासून निघालेला व १९३४ च्या मेट्टूर धरणाबरोबर सिद्ध झालेला कालवा शहरातूनच वाहतो; लोक त्याला ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी, म्हणतात. मेट्टूरचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडावेत, ही येथील शेतकऱ्याची वर्षातली पहिली चिंता. पाणी उशिरा आले की कुरुवै पीक बुडते, आणि त्याचा हिशेब मतपेटीतही मागितला जातो. कुळे व शेतमजूर यांचा प्रश्न तर इतका तीव्र होता की पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर लगेच, १९५२ मध्येच, राजाजींच्या सरकारला केवळ तंजावर जिल्ह्यासाठी संरक्षक कायदा करावा लागला.

मतदानाच्या इतिहासातील सर्वांत रंगतदार पर्व १९५७ ते १९६७ चे. १९५७ मध्ये काँग्रेसचे परिसुत्त नाडार निवडून आले. १९६२ मध्ये द्रमुकचे तरुण नेते मु. करुणानिधी कुळित्तलै सोडून येथे उभे राहिले व दोन हजारांहूनही कमी मतांनी विजयी झाले. त्याच निवडणुकीत त्यांचे नेते अण्णादुरै कांचीपुरमला पराभूत झाले होते. पुढे १९६७ मध्ये द्रमुकची लाट आली, विरुदुनगरला खुद्द कामराज हरले. करुणानिधी मात्र त्या वेळी सैदापेटला गेले होते आणि तंजावरने पुन्हा नाडारांनाच निवडले! राज्याच्या वाऱ्याविरुद्ध जाण्याची ही सवय नंतरही दिसते. २००१ मध्ये सत्ता जयललितांकडे गेली, तरी येथे द्रमुकचे उबैदुल्ला टिकले. १९८९ ते २००६ या काळात ते चार वेळा निवडून आले. १९९१ मध्ये मात्र अण्णाद्रमुकचे एस. डी. सोमसुंदरम यांनी ही जागा घेतली.

अलीकडचा काळ तितकासा अभिमानास्पद नाही. मे २०१६ मध्ये मतदारांना पैसे वाटल्याच्या कारणावरून निवडणूक आयोगाने अरवक्कुरिच्चीबरोबर तंजावरचीही निवडणूक रद्द केली. ती नोव्हेंबरात झाली, अण्णाद्रमुकचे एम. रंगसामी विजयी झाले. पुढच्याच वर्षी पक्षांतर्गत बंडात जे १८ आमदार अपात्र ठरले त्यांत तेही होते. एप्रिल २०१९ च्या पोटनिवडणुकीत द्रमुकचे नीलमेगम आले आणि २०२१ मध्ये त्यांनी जागा राखली. तीन वर्षांत दोनदा मतदान करूनही मधला बराच काळ शहर प्रतिनिधीविना राहिले, ही गोष्ट साधी नव्हे.

आणि मराठी मतदार? वर आलेल्या विजयी नावांत एकही मराठी नाव नाही. तंजावरी मराठी घरात बोलली जाते, बाहेर सारा व्यवहार तमिळमध्ये. संख्येच्या बळावर काही मागावे अशी स्थिती या समाजाची नाही. पाणी, रस्ता, रुग्णालय यांसाठी तो शेजाऱ्यांबरोबर त्याच रांगेत उभा राहतो. मात्र बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख, सरस्वती महालातील मोडी दफ्तरे आणि शहरातील मानोजीअप्पा वीथी यांची देखभाल आज राजाश्रयावर नव्हे, तर निवडून आलेल्या सरकारांच्या अंदाजपत्रकांवर अवलंबून आहे. शेजारचा ओरत्तनाडु मतदारसंघही सरफोजीराजांच्या मुक्तांबाळपुरम छत्राचाच परिसर. वाटसरूंना अन्न आणि मुलांना विद्या देणाऱ्या त्या वास्तूभोवतीही दर निवडणुकीत प्रचाराच्या गाड्या फिरतात, तमिळमध्ये घोषणा देत.